थायलंडचा आंबट खाऊ: कुठून घ्यायचा, कधी खायचा, कुठवर न्यायचा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरात त्या यजमान आणि सासूबाईंबरोबर थायलंडला निघाल्या आहेत. चार दिवस उत्तरेकडचं चियांग माय, मग ईशान्येकडच्या ईसान भागात उदोन थानी आणि खोन केन. त्या विचारतात, "तिकडचे लोक गावाहून येताना आंबवलेल्या मांसाची सॉसेज भेट म्हणून आणतात असं कळलं. त्यातलं कोणतं घ्यावं? कच्चं खातात का? किती दिवस टिकतं? आणि आम्हाला नाशिकला, किंवा म्युनिकला असलेल्या मुलासाठी नेता येईल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची खरेदी त्यावरच ठरते. नेता येणार नाही. नाशिकलाही नाही आणि म्युनिकलाही नाही. भारतात मांस आणि मांसाचे पदार्थ आणायचे तर पशुसंवर्धन खात्याचा परवाना आधी काढावा लागतो, आणि विमानतळावरच्या कस्टमच्या फॉर्मवर मांस, मासे, दुग्धजन्य पदार्थ यांचा वेगळा रकानाच आहे. युरोपीय संघात तर बाहेरच्या देशांतलं मांस प्रवाशाच्या सामानातून नेण्यावर सरळ बंदी आहे. ही नुसती कागदी अडवणूक नाही. थायलंडनं जानेवारी 2022 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरची लागण अधिकृतपणे जाहीर केली. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप त्यात संपतात, आणि त्याचा विषाणू न शिजवलेल्या, नुसत्या खारवलेल्या मांसात महिनोन्‌महिने तग धरतो. घरी आणलेलं सॉसेज नको झालं, कचऱ्यात गेलं, तिथून एखाद्या डुकराच्या तोंडी लागलं, एवढं पुरतं. आपल्या ईशान्येकडच्या राज्यांतले डुक्करपालक 2020 पासून हा मार खात आहेत. तैवाननं यासाठी पहिल्याच चुकीला दोन लाख तैवानी डॉलर दंड ठेवला, तो उगाच नाही. व्हॅक्यूम पॅक केलं, दुकानदारानं "काही होत नाही" म्हटलं, तरी आणू नका.

मग घ्यायचंच कशाला? तर तिथल्या तिथे खायला आणि तिथल्याच माणसांना द्यायला. थाई भाषेत याला खाँग फाक म्हणतात. खाँग म्हणजे वस्तू, फाक म्हणजे सोपवणं. परगावी गेलेल्यानं परतताना घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, ऑफिसातल्यांसाठी त्या गावची ओळख असलेला खाऊ आणायचा, हा तिथला अगदी घट्ट रिवाज. साताऱ्याहून येताना कंदी पेढे आणि नागपूरहून येताना संत्रा बर्फी नाही आणली, तर आपल्याकडेही लोक हातांकडेच बघतात, तसंच. फरक इतकाच की तिथल्या उत्तरेकडच्या आणि ईशान्येकडच्या गावांची ओळख गोडापेक्षा आंबटात जास्त आहे. 2001 साली सरकारनं 'एक तांबोन, एक उत्पादन' ही योजना आणली. तांबोन म्हणजे काही गावांचा मिळून एक गट. जपानच्या ओइता प्रांतातली कल्पना त्यांनी उचलली होती. त्यातून या घरगुती पदार्थांना लेबलं, तारांकन आणि महामार्गावरची दुकानं मिळाली. पदार्थ मात्र त्याआधीपासूनचे आहेत.

मी उत्तर थायलंडमध्ये मांसप्रक्रियेच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम अकरा वर्षं केलं. या खरेदीबद्दल जे सर्वांत कामाचं शिकले ते कारखान्यात नव्हे, चियांग मायच्या वरोरोत बाजारात. तिथले लोक या बाजाराला काद लुआंग म्हणतात, म्हणजे मोठा बाजार. केळीच्या पानात बांधलेल्या पुड्यांसमोर तुम्ही उभ्या राहिलात की विक्रेती बाई किती हवं ते विचारायच्या आधी विचारते, "किन वान नाय?" कोणत्या दिवशी खाणार? तुम्ही 'आज' म्हणालात तर एका टोपलीतलं देते, 'परवा' म्हणालात तर दुसऱ्या टोपलीतलं. कारण तिच्या टोपल्यांमधला माल एकाच वयाचा नसतो. आंबवलेलं मांस हा तयार पदार्थ नव्हे, तयार होत असलेला पदार्थ आहे. पहिल्या वर्षी हे मला कळलं नव्हतं. एप्रिलच्या उन्हाळ्यात मी खाण्याजोग्या झालेल्या वीस पुड्या घेतल्या आणि रात्रीच्या गाडीनं बँकॉकला मैत्रिणीच्या आईसाठी नेल्या. साडेसातशे किलोमीटर, बारा-तेरा तासांचा प्रवास, पिशवी डब्यातल्या उकाड्यात. सकाळी पानं ओली होऊन काळवंडली होती आणि आंबटपणा इतका चढला होता की दात शिवशिवले. त्या माउलीनं काही न बोलता निम्म्या पुड्या अंड्यात परतल्या. मांस खराब नव्हतं, माझी तारीख चुकली होती.

या पुडीतल्या पदार्थाचं नाव नॅम. उत्तरेकडच्या बोलीत चिन सोम. चिन म्हणजे मांस, सोम म्हणजे आंबट. डुकराचं ताजं, चरबी काढलेलं मांस बारीक करतात. कातडी उकडून, खरवडून, शेवयांसारखी बारीक चिरून त्यात घालतात. भरपूर ठेचलेला लसूण, मीठ आणि शिजवलेला चिकट भात घालून मिश्रण हाताला चिकटेपर्यंत मळतात. मध्ये अख्ख्या लवंगी मिरच्या खोवतात आणि हवा राहणार नाही इतकं आवळून केळीच्या पानात किंवा प्लॅस्टिकच्या नळीत बांधतात. मग नुसतं घरात टांगून ठेवायचं. तिशीच्या तापमानाला तीन दिवसांत होतं. तुम्ही जाणार त्या डिसेंबरात रात्री गार असतात, तेव्हा चार-पाच दिवस लागतात.

यात विरजण कुणी घालत नाही, निदान घरी तरी नाही. इडलीचं पीठ जसं आपोआप वर येतं, तसे मांसात, लसणात, पानावर असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांना खायला पिष्ट लागतं. मांसात ते जवळजवळ नसतं, म्हणून भात. मीठ बाकीच्या जंतूंना मागे ढकलतं आणि या जिवाणूंना वाट करून देतं. आवळून बांधल्यामुळे हवा मिळत नाही, तेही यांच्याच पथ्यावर पडतं. आम्ल वाढलं की मांसातली प्रथिनं धरतात आणि सैल खिमा सुरीनं काप पडतील असा घट्ट होतो. आगीविना. कातडीचे धागे त्यात कुरकुरतात; चांगल्या नॅमची ओळख माझ्या लेखी ही कुरकुर आहे, आंबटपणा त्याच्या नंतर. गुलाबी रंग बहुधा नायट्राइटचा, म्हणजे मांस टिकवायला घालतात त्या क्षाराचा असतो. रंगाखेरीज त्याचं मोठं काम म्हणजे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला रोखणं, म्हणून प्रमाणात असलेल्या नायट्राइटला घाबरू नका. मोठे उत्पादक आता तयार विरजणही वापरतात. थायलंडच्या बायोटेक या राष्ट्रीय संस्थेनं नॅमसाठी तसं विरजण विकसित केलं आहे. त्यामुळे आम्ल लवकर आणि दर वेळी सारखंच उतरतं.

पुडी हातात घेऊन बघा. अंगठ्यानं दाबली की कणकेसारखी खोल दबली तर ती अजून कच्ची आहे, दोन दिवसांनी खाण्याची. खरवसासारखी घट्ट लागली, दाबून सोडल्यावर पुन्हा वर आली, तर झाली. उघडल्यावर आधी लसणाचा वास यायला हवा आणि त्याच्यामागून दह्याचा. कापावर बारीक छिद्रं दिसतील, ती या जिवाणूंनी सोडलेल्या वायूची; त्यात गैर काही नाही. थोडं पाणी सुटलेलं असतं, तेही चालतं. पण कडेनं राखाडी-हिरवट झाक, बोटाला तार येईल असा बुळबुळीतपणा, सडका किंवा अमोनियासारखा वास, फुग्यासारखं टम्म फुगलेलं पाकीट, यांतलं एकही दिसलं तर टाकून द्या. आणि तयार व्हायचे दिवस उलटले तरी आंबटच झालेलं नाही, असं नॅम मला सर्वांत जास्त नकोसं वाटतं. त्याचा अर्थ चांगले जिवाणू हरले. थाई प्रमाणानुसार तयार नॅमचा सामू, म्हणजे पीएच, 4.6 किंवा त्याखाली असावा लागतो. तिथवर पोचायला उशीर झाला तर स्टॅफिलोकोकससारखे जंतू मधल्या वेळेत विष तयार करतात, आणि ते विष तळण्यानं जात नाही. "तळलं की सगळं मरतं" ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे.

तरीही तळाच. कच्चं खातात का, याचं खरं उत्तर आहे, हो, पुष्कळ लोक खातात. नॅमचे काप, आल्याच्या चकत्या, भाजलेले शेंगदाणे, छोटे कांदे, मिरची आणि चिकट भात, असं ताट तुमच्यासमोर येईल आणि देणारा प्रेमानं देईल. मी तुम्हाला ते खायला सांगणार नाही. आंबटपणा बऱ्याच जंतूंना आवरतो, सगळ्यांना नाही. डुकराच्या मांसातून ट्रायकिनेला नावाचा कृमी माणसाच्या स्नायूंत जातो. थायलंडमध्ये त्याची पहिली नोंदलेली साथ 1962 सालची, मे होंग सोन प्रांतातली. 2007 मध्ये फयाओ प्रांतात स्ट्रेप्टोकोकस सुइस या जिवाणूची साथ आली, मुळाशी कच्चं डुकराचं मांस. त्या आजारात मेंदूच्या आवरणाला सूज येते आणि जगलेल्यांतले बरेच जण कायमचे बहिरे होतात. लिंबू पिळलं, बरोबर तांदळाची दारू घेतली, की मांस 'शिजतं', असं तुम्हाला तिथे कुणी सांगेल. शिजत नाही.

एक अपवाद सांगायला हवा. 1980 च्या दशकापासून थायलंडमध्ये किरणोत्सर्गानं निर्जंतुक केलेलं नॅम विकलं जातं. वेष्टनावर तुटक वर्तुळात हिरव्या पानांचं चिन्ह असतं. त्यानं मांस किरणोत्सारी होत नाही, कृमी आणि रोगजंतू मात्र मरतात. मी स्वतः न शिजवता खाते ते एवढंच, तेही थंड कपाटातलं. सासूबाई बरोबर आहेत, तेव्हा तुम्ही तेही शिजवूनच घ्या. चवीत काही गमावणार नाही, कारण उष्णतेनं आम्ल उडून जात नाही. उत्तरेकडची मला आवडणारी रीत चिन सोम मोक खाय ही आहे: नॅम कुस्करून अंड्यात कालवायचं, केळीच्या पानात बांधायचं आणि निखाऱ्यावर भाजायचं. पानाची कड करपते, तो वास आत उतरतो, अंडं त्या आंबटाला मऊ करतं. बाजारात तयार मिळतं. नाहीतर खाव फाट नॅम, म्हणजे नॅम घालून परतलेला भात, कुठल्याही साध्या खानावळीत मिळेल.

लेबल वाचताना गोंधळ होईल तो सालाचा. थाई पंचांग बुद्धसंवताचं आहे, आपल्या इसवी सनात 543 मिळवायचे. 2568 दिसलं तर ते 2025. नॅमच्या बऱ्याच पाकिटांवर 'अमुक तारखेपासून खाण्यास तयार' असं छापलेलं असतं. तिच्या आधी बाहेर ठेवायचं, तिच्यानंतर फ्रिजमध्ये, हा त्याचा अर्थ. थंडीत आंबणं मंदावतं, थांबत नाही. दुसरं म्हणजे थाई अन्न व औषध प्रशासनाचं 'ऑ यॉ' हे दोन अक्षरांचं चिन्ह आणि त्यातला 13 आकडी क्रमांक बघा. 2022 च्या सुरुवातीला परवाना नसलेल्या ठिकाणच्या सॉसेजमध्ये नायट्राइट बेसुमार पडल्यामुळे तिथली काही मुलं निळी पडून रुग्णालयात गेली होती. ती सॉसेज आंबवलेली नव्हती, पण धडा सगळ्यांना लागू आहे. भडक गुलाबी दिसतं म्हणून ताजं समजू नका.

आता ईसान. तिथलं साय क्रॉक ईसान तुम्हाला शोधावं लागणारच नाही, रस्त्यावर धुरामागून सापडेल. डुकराचं मांस, चांगली भरपूर चरबी, शिजवलेला भात, लसूण, मिरी, मीठ हे आतड्यात भरून दोऱ्यानं लिंबाएवढे गोळे पाडतात. माळ दोन-तीन दिवस टांगतात आणि मग मंद निखाऱ्यावर भाजतात. भाजणारा मधूनमधून काडीनं टोचतो, नाहीतर चरबी फुटून साल उलते. बाहेरून तडतडीत, आत आंबूस भात, सोबत कोबीचं पान, आलं आणि एक हिरवी मिरची चावून. पूर्ण भाजून मिळत असल्यामुळे पहिल्यांदा खाणाऱ्याला मी नॅमपेक्षा हे आधी सुचवते. खाँग फाक म्हणून याची न भाजलेली माळ घेतात. तुमच्याकडे निखारा नाही, तेव्हा घेऊ नका. रस्त्यावरच खा. आपल्याकडच्यांना गोव्याचं चोरीस आठवेल, पण त्याचा आंबटपणा व्हिनेगरचा आहे, वरून घातलेला. तोंडात ठेवलं की फरक लगेच कळतो. चोरीसचा आंबट झटकन लागतो आणि मिरचीबरोबर जातो, साय क्रॉकचा भातातून सावकाश येतो आणि मागे रेंगाळतो.

माम हा त्याच मुलखातला जुना, उग्र भाऊ. चैयाफूम प्रांत यासाठी प्रसिद्ध आहे. मांस, काळीज, प्लीहा, लसूण आणि भाजून कुटलेले तांदूळ आतड्यात किंवा मूत्राशयाच्या पिशवीत भरून आंबवतात आणि वाळवतात. काळजामुळे रंग जवळजवळ काळा आणि चव लोखंडी. पारंपरिक माम बहुधा गोमांसाचं असतं, त्यामुळे तुमच्या घरात चालत नसेल तर विचारूनच घ्या. शब्द पाठ करून ठेवा: मू म्हणजे डुक्कर, नुआ म्हणजे गाय-बैलाचं, काय म्हणजे कोंबडी, प्ला म्हणजे मासा, हेत म्हणजे अळंबी.

मांस नको असेल तर प्ला सोम, आंबट मासा. फयाओच्या तळ्याकाठचा नावाजलेला आहे, ईसानमध्ये यसोथोनचाही. मासा साफ करून मीठ, लसूण आणि भात चोळून तीन-पाच दिवस ठेवतात, मग तळून वर कुरकुरीत लसूण आणि सुकी मिरची. इथे मात्र 'शिजवूनच' हा शब्द मी दोनदा म्हणेन. ईसानच्या नद्या-तळ्यांतल्या माशांत माणसाच्या यकृतात जाऊन राहणारा एक चपटा कृमी असतो. कच्चा मासा खाण्याच्या सवयीमुळे तिथे पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या जागांपैकी एक आहे, आणि खोन केनच्या विद्यापीठातल्या लोकांनी त्यावर आयुष्यं घातली आहेत. दोन-चार दिवसांच्या आंबवणीवर त्या कृमीसाठी विसंबता येत नाही.

दुकानात या सगळ्यांच्या शेजारी न आंबवलेले पदार्थही मांडलेले असतात आणि प्रवासी हमखास फसतात. उबोनचं मू यॉ ही वाफवलेली गुळगुळीत वळकटी आहे, कोराटचं कुन चियांग हे गोड चिनी सॉसेज, चियांग मायचं साय उआ हे गवती चहा आणि मसाल्यांचं भाजलेलं सॉसेज. उदोन थानीला तर नाव फसवतं: तिथली खासियत नॅम न्यूआंग, पण त्यात आंबवलेलं काही नाही. ते व्हिएतनामी वस्तीकडून आलेलं भाजलेलं डुकराचं मांस आहे. तांदळाच्या पातळ पापडात पालेभाजी, कच्चं केळं, स्टारफ्रूट, लसूण यांच्यासोबत गुंडाळून खातात. बसून खा, फार सुंदर लागतं.

तुमच्या प्रवासाला लावून सांगते. उदोन थानीत कुणाकडे उतरणार असाल किंवा हॉटेलातल्या लोकांना काही द्यायचं असेल, तर नॅम चियांग मायहून निघायच्या दिवशी सकाळी घ्या आणि दोन दिवसांनी खाणार असं सांगा. 'नॅम तुम' मागा, म्हणजे एका घासाच्या छोट्या पुड्या मिळतात, वाटायला सोप्या. फोमचा डबा बाजारातच बांधून देतात. अजून कच्चं असेल तर बर्फ घालू नका, आंबणं अडेल आणि चांगले जिवाणू मागे पडतील. तयार झालेलं असेल तर मात्र बर्फ हवाच. नाशिकसाठी आणि म्युनिकसाठी चियांग मायशेजारच्या लांफूनकडचा पाकीटबंद सुका लोंगान, म्हणजे लिचीसारखं फळ, घ्या, तोही त्या भागाचाच खाऊ आहे, आणि फॉर्मवर लिहायचं ते लिहा.

सासूबाई शाकाहारी असतील तर त्यांच्यासाठी नॅम हेत विचारा. अळंबीचे धागे उकडून, पिळून, लसूण, मीठ आणि भातासह तसेच पानात आंबवतात. कातडीची कुरकुर त्यात नसते, आंबटपणा हुबेहूब तोच. त्या पुडीत मांस मिसळलेलं नाही ना, एवढं विचारायचं: "माय साय मू?" हो असेल तर बाई मान डोलावेल, आणि लगेच पुढचा प्रश्न येईल, "किन वान नाय?" 'आज' म्हणा, 'वान नी', आणि तिथल्याच एखाद्या शेगडीवाल्याकडून ते भाजून घ्या.